कोटी नोंदींतून एक

शाळेच्या जनरल रजिस्टरातून तुमची नोंद काढायची असली, की रजिस्टर क्रमांक विचारला जातो. असे का? नावे सारखी असू शकतात. क्रमांक मात्र एकाचा एकच. संगणकाचेही तसेच आहे.

'मोंगोडीबी' या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीसंग्रहात प्रत्येक नोंद म्हणजे एक स्वतंत्र कागदच समजा. त्यातला एकच कागद काढण्याची आज्ञा म्हणजे 'फाइंडवन'. तिला अट सांगावी लागते. 'नाव सुनीता' एवढीच अट दिली, तर जी सुनीता प्रथम सापडेल तिचा कागद देऊन संगणक थांबतो. आणखी दहा सुनीता आहेत, हे तो सांगत नाही! मग एकीची गुणपत्रिका दुसरीच्या हाती पडायची. म्हणून आपण वेगळा ओळखक्रमांक दिला नाही, तर प्रत्येक कागदाला १२ बाइटांचा क्रमांक आपोआप मिळतो.

कोटी कागदांत हा क्रमांक सापडतो कसा? त्यासाठी 'बी-ट्री' पद्धतीची सूची असते. ही रचना रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी १९७० साली मांडली. समजा, सूचीच्या प्रत्येक टप्प्यावर १०० फाटे आहेत. मग तीन टप्प्यांत १० लाख, तर चार टप्प्यांत १० कोटी नोंदींपर्यंत पोचता येते. सूची नसेल, तर एकेक कागद चाळत बसावे लागते.

आणि नोंद नसेलच तर? 'नल', म्हणजे 'काही नाही', हे उत्तर येते. ते न तपासता पुढे गेल्यास आज्ञावली अडते.

आता सांगा : प्रत्येक टप्प्यावर दोनच फाटे असतील, तर एक कोटी नोंदींसाठी किती टप्पे लागतील?

(उत्तर : २४)