उत्तर तपासणाऱ्या यंत्राची पारख

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. या कारखान्यात तयार होणारा रेल्वेचा रूळ केवळ वरून गुळगुळीत दिसतो म्हणून निर्दोष ठरत नाही. श्राव्यातीत ध्वनिलहरी आत सोडून त्यात कोठे चीर आहे की काय, हे पाहतात. विद्यार्थ्याच्या ज्ञानाची परीक्षाही अशीच आतून व्हावयास हवी.

भिलाईची आयआयटी २०१६ साली स्थापन झाली. अशा संस्थांच्या प्रवेशासाठी असलेली जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा २०१८ पासून संगणकावर घेतली जाते. साहजिकच, सरावासाठी इंटरनेटवर परीक्षा घेणारे सॉफ्टवेअर निवडण्याचा प्रश्न शाळांपुढेही येतो. त्याला कोणती कसोटी लावावी?

चार पर्यायांपैकी एकावर खूण करणे, ही सर्वांत सोपी रीत होय. परंतु बरोबर उत्तरास ४ गुण व चुकीस उणे १ गुण दिला, तरी डोळे मिटून खुणा करणाऱ्यास दर प्रश्नामागे सरासरीने पाव गुण मिळतोच. विद्यार्थ्यास स्वतः उत्तर लिहावयास सांगितले, तर निराळीच अडचण उभी राहते. शिक्षकाने ‘क्ष + १’ असे उत्तर नोंदविले आणि विद्यार्थ्याने ‘१ + क्ष’ असे लिहिले, तर नुसती अक्षरे जुळविणारे यंत्र ते चूक ठरविते. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाचा अशाने गणितावरचाच विश्वास उडतो. ही हानी गुणांच्या हानीहून मोठी आहे.

ब्रिटनमधील गणितज्ञ क्रिस सँगविन यांनी विकसित केलेली ‘स्टॅक’ ही विनामूल्य प्रणाली ही अडचण दूर करते. बीजगणित जाणणाऱ्या ‘मॅक्सिमा’ या आज्ञावलीच्या साह्याने ती एका उत्तरातून दुसरे वजा करू शकते. बाकी शून्य आली, की दोन्ही उत्तरे समान ठरतात. तथापि, ‘अवयव पाडा’ असे विचारले असता मूळ राशीच पुन्हा लिहिणाऱ्यास गुण मिळता कामा नयेत; म्हणून उत्तराचे रूपही तपासण्याची सोय तीत आहे.

विज्ञानात एककांचेही भान हवे. पोलादाची घनता दर घनसेंटीमीटरास ७.८५ ग्रॅम म्हटली काय आणि दर घनमीटरास ७८५० किलोग्रॅम म्हटली काय, अर्थ एकच.

निवडीपूर्वी शिक्षकांनी यंत्रास तीन उत्तरे देऊन पाहावीत: निराळ्या रूपातील बरोबर उत्तर, मुलांची नेहमीची चूक आणि एकक विसरलेले उत्तर. जे पहिले मान्य करील, दुसऱ्यातील चूक नेमकी दाखवील आणि तिसऱ्यास एककाची आठवण देईल, ते सॉफ्टवेअर घ्यावे. भूमितीतील सिद्धता आणि प्रयोगाचे वर्णन मात्र शिक्षकांनी स्वतःच वाचावे.