नोकऱ्या खरोखर एआयने घेतल्या का?



मागील पालकसभेत आम्हाला एक प्रश्न विचारला गेला, "सर, एआय सगळ्या नोकऱ्या खाणार म्हणतात. मग कर्ज काढून मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालावे का?" नेरडीगोंड्यातून हैदराबाद-पुण्याकडे पाहणाऱ्या कोणत्याही घरात हा प्रश्न आहेच, म्हणून येथे लिहीत आहोत.

जुलै २०२५ मध्ये टीसीएस कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या व वरच्या पदांवरील लोक जास्त होते. लगेच ओरड झाली की हे एआयमुळेच. कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन यांनी मात्र कारण एआय नाही, कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही, असे सांगितले.

मालक म्हणतो तेच खरे, असे आम्ही मुळीच मानत नाही. पण तारखा पाहाव्यात. कोरोनाच्या काळात परदेशी ग्राहकांनी कॉम्प्युटरच्या कामावर भरपूर खर्च केला. २०२१-२२ या एका वर्षात याच कंपनीने लाखभर नवे पदवीधर घेतले. मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर वाढू लागले आणि ग्राहकांनी हात आखडता घेतला. चॅटजीपीटी आले ते त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये! भरती जास्त आणि काम कमी, ही अडचण त्याच्या आधीची आहे.

आपल्या आदिलाबादचा सीसीआयचा सिमेंट कारखाना नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. तेव्हा एआयचे नाव येथे कोणाला ठाऊक होते?

तरीही एआय निर्दोष आहे असे नाही. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये सांगितले की ग्राहकांना उत्तरे देण्याचे ७०० माणसांचे काम एआय करतो. २०२५ मध्ये सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून तिने पुन्हा माणसे घेणे सुरू केले. परंतु ठराविक उत्तरे देणे, साधा प्रोग्राम लिहिणे, तोच तो मजकूर तयार करणे ही कामे एआय खरोखरच करू लागला आहे. नवीन मुलांना सुरुवातीला हीच कामे मिळत असत. आम्हाला खरी काळजी याची वाटते.

म्हणून त्या पालकांना आम्ही सांगितले की मुलाची आवड असेल तर जरूर घाला. पण फी भरण्यापूर्वी कॉलेजला विचारा, मागील दोन वर्षांत किती मुलांना नोकरी लागली आणि ती कोणत्या कामाची? उत्तर लेखी मागा.