पाकळ्या मोजू नका, फूल पाहा

जळगाव (प्रतिनिधी) : शासनाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘स्थिरचित्र’ हा विषय असतो. आधी काटेकोर रेखांकन आणि मग रेषेच्या आत रंग, ही सरावाची शिस्त हाताला वळण लावते. मात्र तेथेच थांबल्यास फुलदाणीतील फूल कागदी दिसू लागते. त्यात तजेला आणायचा असेल, तर कुंचल्याचे मुक्त फटकारे आत्मसात करावे लागतात.

मुक्त फटकारा पाहणाऱ्याला सहज वाटला, तरी त्यामागे पूर्वतयारी असते. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी मेजावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा वळवून ‘टेबलटॉप’ छायाचित्रे टिपली. मांडणी आणि प्रकाश हेच स्थिरचित्राचेही मूळ आहे. झेंडू-शेवंतीची फुलदाणी खिडकीजवळ ठेवावी. प्रकाश एकाच बाजूने यावा. डोळे किलकिले करून पाहिल्यास पाकळ्या विरघळतात आणि उजेड-सावलीचे मोजके मोठे आकार उरतात. पेन्सिलीने त्यांच्या जागा तेवढ्या सुचवाव्यात.

जलरंगात प्रथम फिक्या छटा मोठ्या कुंचल्याने ओल्या कागदावर सोडाव्यात. तीव्र उजेडाच्या जागी कागद कोराच राखावा. झेंडूच्या असंख्य पाकळ्या मोजत बसू नये. गोलाई आणि सावलीची बाजू साधली की फूल ओळखू येते. एक-दोन फुलांच्या कडा ठसठशीत ठेवून उरलेली पार्श्वभूमीत मिसळू द्यावीत. पानांचा गडद रंग शेवटी द्यावा. त्यामुळे फिकी फुले उठून दिसतात.

खान्देशात मात्र हवामानाचा विचार अटळ आहे. उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कागद बघता बघता सुकतो आणि रंगांच्या कडा कडक होतात. अशा दिवसांत सकाळची वेळ निवडावी, कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा आणि पुरेसे रंग आधीच कालवून ठेवावेत. एकदा दिलेला फटकारा पुन्हा घोटू नये; घोटल्याने रंग मळतो.

सर्वांत कठीण असते ते थांबणे. परीक्षेच्या सवयीने हात प्रत्येक कोपरा पूर्ण करू पाहतो. परंतु काही जागा अपुऱ्या राहिल्या, तरच पाहणाऱ्याची नजर त्या भरून काढते. दुपारपर्यंत फुलदाणीतील फुले माना टाकतात. सकाळचा त्यांचा टवटवीतपणा कागदावर उतरला असेल, तर चित्र साधले म्हणायचे.