बिलाच्या तळाशी छापलेली ओळ

सांगलीच्या हळद बाजारात तीन पिढ्या अडत करणाऱ्या एका जैन घरातील मुलीने वकिलीची सनद घेतली, तेव्हा घरच्यांची अपेक्षा साधी होती: जिल्हा न्यायालयात बसावे आणि पेढीची अडलेली येणी वसूल करून द्यावीत. तिने मात्र मुंबईच्या फोर्ट भागातील एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी पत्करली आणि लवादाचे क्षेत्र निवडले. ‘‘पंचांनी गादीवर बसून मिटवायचे, ते शिकायला मुंबई कशाला?’’ हा आजोबांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. लवाद म्हणजे पंचच. फरक एवढाच, की १९९६ च्या लवाद व समेट कायद्याखालील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो.

पहिली दोन वर्षे कागदांतच गेली. घटनांचा तारीखवार तक्ता, पृष्ठांकित संचिका, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे. मानधन खोलीभाड्याला जेमतेम पुरे. परंतु घरून आणलेली एक विद्या कामी आली: तिला खतावणी वाचता येत होती. एका दाव्यात सारे सहकारी कलमांचा कीस काढीत असता, प्रतिपक्षाच्या उताऱ्यात एकच रक्कम दोनदा नावे पडल्याचे तिने दाखविले. तेव्हापासून हिशेबाच्या साक्षीदारांच्या उलटतपासणीची तयारी तिच्याकडे आली. वाणिज्य शाखेच्या मुलांना कायद्यात दुय्यम समजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

खरी परीक्षा घरातच झाली. एका खरेदीदाराकडे पेढीचे अठरा लाख रुपये अडकले. वडील निर्धास्त होते. कारण सौदापत्रावर आणि बिलाच्या तळाशी वर्षानुवर्षे छापलेले होते: ‘वाद उद्भवल्यास आमच्या पेढीने नेमलेल्या लवादाचा निर्णय अंतिम राहील.’ मुलीने ती ओळ वाचली आणि ती या स्वरूपात टिकणार नाही, असे स्पष्ट सांगितले. वादात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतली आहे. शिवाय लवादाचा करार लेखी लागतो. एकाच बाजूने बिलावर छापलेले वाक्य दुसऱ्याने मान्य केले होते, हे सिद्ध करावे लागते. येथे सौदापत्रावर खरेदीदाराची सही होती, एवढेच नशीब.

वडिलांना राग आला. ज्या मुनीमजींनी हे वाक्य लिहिले, त्यांच्या शहाणपणावर तीस वर्षे पेढी चालली होती. दोन दिवस बापलेकीत बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुनी सौदापत्रे स्वतःच कपाटातून काढून दिली.

घरचा दावा आपण चालवू नये, म्हणून तिने तो दुसऱ्या वकिलांकडे सोपविला. खरेदीदार लवादाच्या नावाला तयार होईना; उच्च न्यायालयाकडे अर्ज करून एकल लवाद नेमून घ्यावा लागला. खर्चाचा हिशेब मात्र तिने वडिलांपुढे आधीच मांडला होता. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे अठरा लाखांच्या वादाला ९०,५०० रुपये, आणि लवाद एकटाच असल्यास पंचवीस टक्के अधिक, म्हणजे १,१३,१२५ रुपये शुल्क. साधारणतः ते दोन्ही पक्षांत निम्मे. वकिलांची फी वेगळी. लहान येण्यांसाठी हा मार्ग परवडतोच असे नाही, हेही तिने लपविले नाही. अशिलाला ते प्रथमच सांगणारा वकील विरळाच.

जमेची बाजू मुदतीची आहे. दावा व उत्तर दाखल झाल्यापासून बारा महिन्यांत निवाडा व्हावा, उभयपक्षी संमतीने आणखी सहा महिने, ही कायद्याची चौकट आहे. निवाड्याला आव्हान देण्यास तीन महिने, आणि सबळ कारण असल्यास वर तीस दिवस, त्यापुढे नाही. नुसते आव्हान दाखल केल्याने पैशांची वसुली आता थांबत नाही. त्यासाठी वेगळी स्थगिती मागावी लागते.

पेढीच्या नव्या बिलबुकावर ती ओळ बदलली आहे. आता दोन्ही पक्षांच्या संमतीने नेमलेला एकच लवाद, बैठका सांगलीत, आणि खाली खरेदीदाराच्या सहीची जागा. जुन्या दाव्यात पुढील तारखेस वडिलांची उलटतपासणी आहे. रोजमेळाच्या वह्या त्यांनी आतापासूनच पिशवीत भरून ठेवल्या आहेत.