पोट भरले, पण अंग उपाशी

"आमचे पोर काही खातच नाही. दूध-भात दिला तर ठीक, नाहीतर चहात बिस्किट बुडवून खाते. भाजीचे तर नाव नको!" ही तक्रार आपल्या वस्तीत घराघरांतून ऐकू येते. आपण त्याला नखरे म्हणतो, रागावतो आणि शेवटी हात टेकून पाच रुपयांचा पुडा आणून देतो. पोर गप्प बसते. पण माता-भगिनींनो, पोट भरणे वेगळे आणि अंगाला लागणे वेगळे.

पहिल्या वर्षात मूल झपाट्याने वाढते. पुढे वाढीचा वेग कमी होतो, तशी भूकही कमी होते. दोन ते सहा वर्षांच्या वयात नवा पदार्थ पाहून तोंड फिरवणे हा पुष्कळ मुलांचा स्वभावच असतो. यात आईचा दोष नाही. मात्र हे वर्षानुवर्षे चालले, तर अंगात काय कमी पडते ते पाहू.

सर्वांत आधी कमी पडते लोह. दुधात लोह जवळजवळ नसतेच. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलाची भूक मरते आणि रक्त कमी होते. चहा तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० पैकी ६७ मुलांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हा आकडा ६९ च्या घरात होता. रक्त कमी असलेले मूल लवकर दमते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खाणे हेही रक्त कमी असल्याचे लक्षण असू शकते. शिवाय लोह कमी झाले की भूक आणखी मंदावते, म्हणजे न खाण्याचा फेरा सुरूच राहतो.

पालेभाजी, पपई, लाल भोपळा टाळणाऱ्याला 'अ' जीवनसत्त्व कमी पडून डोळ्यांना धोका होतो. फळे-भाज्या नसल्या की बद्धकोष्ठ जडते. अंडी, मासे, मटण, दूध यांपैकी काहीच पोटात गेले नाही, तर 'ब-१२' मिळत नाही.

यासाठी महागडे डबे विकत घ्यायची गरज नाही. दोन पुड्यांच्या पैशांत एक अंडे येते. कलेजीत लोह भरपूर असते. काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी आणि नाचणीची भाकरी हाडे मजबूत करतात. मेथी किंवा शेवग्याचा पाला डाळीत, थालीपिठात चिरून घाला. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. आमटी लोखंडी कढईत शिजवा. लहानांना चहा देऊच नका.

नवा पदार्थ एकदा नाकारला म्हणून सोडू नका. घासभर वाढा. दहा-पंधरा वेळा समोर आला की पुष्कळ मुले तो चाखू लागतात. मारून, कोंबून भरवू नका. त्याने तिटकारा वाढतो. जेवणाआधी दोन तास बिस्किट, कुरकुरे बंद ठेवा. आणि बाप ताटातली भाजी बाजूला सारत असेल, तर पोरगा कुणाचे पाहून शिकणार? अंडे एकच असेल तर मुलाला आणि मुलीला सारखे वाटून द्या. मुलीच्या न खाण्याला 'सवय' म्हणून सोडून देऊ नका.

पाच वर्षांखालील मुलांसाठी लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा द्यायचे असते. ते आशाताईंकडे मोफत मिळते. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना जंताची गोळीही अंगणवाडीत व शाळेत मोफत दिली जाते. ती चुकवू नका. वजन वाढत नसेल, पापणीच्या आतली बाजू पांढुरकी दिसत असेल, घास गिळताना मूल गुदमरत असेल किंवा दोन-तीनच पदार्थांवर अडून बसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आपली मुले शिकली पाहिजेत, असे आपण म्हणतो. वर्गात ताठ बसायला अंगात रक्त लागते. ते रोजच्या ताटातूनच येणार आहे.