सच्छिद्र क्लॅडोनिया : फ्लोरिडाच्या वाळूतील एक दुर्मीळ शैवाक

आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल ज्या शैवाकवर्गाचे, म्हणजे कवक व शैवल यांच्या सहजीवनातून निर्माण होणाऱ्या सजीवांचे, प्रतिनिधी आहे, त्याच वर्गातील, परंतु अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याखेरीज पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही न आढळणारी ‘क्लॅडोनिया परफोराटा’ ही जाती माझ्या विशेष आदराचा विषय आहे. अलेक्झांडर एव्हान्स यांनी १९५२ साली तिचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले.

तिची मुख्य खूण शाखांच्या बेचक्यात सापडते : पिवळसर करड्या, पोकळ, गुळगुळीत शाखा जेथे जेथे फुटतात, तेथे तेथे भोक असते. ती जेथे वाढते त्याच शुभ्र वाळूच्या झुडपाळ रानात आढळणारी क्लॅडोनिया एव्हान्साय मात्र कापसाच्या गोळ्यासारखी लवदार व गोल दिसते, कारण तिला बाह्य त्वचाच नसते. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे घोटाळा होत नाही.

परफोराटाला बीजाणुधारक फळे आढळलेली नाहीत. तुटलेला तुकडा वाऱ्यापाण्याने जेथे जाऊन पडेल, तेथेच नवी वस्ती, त्यामुळे आपला मुलूख विस्तारणे तिला अत्यंत दुष्कर. १९९३ मध्ये अमेरिकन सरकारच्या दप्तरी संकटग्रस्त म्हणून दाखल झालेले हे पहिले शैवाक. आणि दोनच वर्षांनी ओपल चक्रीवादळाच्या लाटांनी सांता रोझा बेटावरील तिच्या वस्तीचा मोठा भाग धुऊन नेला.

तिकडे वास्तव्यास असलेल्या मराठी वाचकांनी त्या शुभ्र वाळूत आखीव वाट सोडून पाऊल टाकू नये आणि नमुना उचलण्याऐवजी छायाचित्रावरच संतोष मानावा, ही कळकळीची विनंती.