तीनशे रुपये कुणाला दिले?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी असते, शासकीय योजनांचे फलक असतात. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका आदिवासी तालुक्यात या सगळ्यांच्या शेजारी एक वेगळाच तक्ता डकवलेला पाहिला. डाव्या बाजूला आरोग्यसेवांची नावं आणि प्रत्येकीपुढे रंगवलेला चौकोन. लसीकरण हिरवं, अंगणवाडीचा आहार पिवळा, बाळंतपणाच्या सेवा लाल. सरकारी भिंतीवर सरकारी सेवेला गावानं दिलेला लाल शेरा मी याआधी कधी पाहिला नव्हता. कुणी रंगवलं म्हणून विचारलं, तर शिपाई म्हणाला, “बायांनी. पाड्यावर बैठक झाली ना.”

पुढची बैठक कुठे आहे ते विचारून घेतलं आणि गेले.

या तक्त्यामागे बराच जुना खटाटोप आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हा सेवेवर लोकांनीच देखरेख ठेवावी ही गोष्ट त्याच्या आराखड्यात घातली गेली. त्याच्या आदल्या वर्षी जन आरोग्य अभियान आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग यांनी देशभर जनसुनवाया घेतल्या होत्या. उपचार नाकारले गेलेली माणसं तिथे अधिकाऱ्यांसमोर उभी राहून बोलली होती. २००७ मध्ये नऊ राज्यांत प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद हे पहिले पाच जिल्हे होते आणि राज्यपातळीवरचं काम पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होतं. नाव ठेवलं, लोकाधारित देखरेख व नियोजन. रंगांचा हिशेब सोपा ठेवला. गावानं दिलेल्या उत्तरांत ‘चांगलं’चं प्रमाण ७५ टक्के किंवा वर गेलं तर हिरवा, निम्म्याखाली आलं तर लाल, मधलं सगळं पिवळं. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपल्या गावाचा दवाखाना कसा चाललाय ते लांबून दिसावं, म्हणून.

बैठक समाजमंदिरात होती. दिवसभर शेतात राबून बाया आल्या होत्या, बहुतेकींच्या कडेवर मूल. देखरेखीचं काम पाहणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती त्याच तालुक्यातली, चाळिशीची, आवाज न चढवता बोलणारी. तिला सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. तिचं काम ऐकायला सोपं वाटतं: प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची. जवळ बसून पाहिलं तेव्हा ते किती अवघड आहे ते कळलं. कुणी म्हणालं, “दवाखान्यात काहीच देत नाहीत.” ताईंनी ते लिहिलं नाही. “काय मागितलं होतं? कधी? कोण होतं तिथं?” तिथून एकेक पदर सुटत गेला. तापाची गोळी मिळाली होती, खोकल्याचं औषध संपलं होतं, बाहेरून आणायची चिठ्ठी दिली होती. ही तीन वाक्यं ताईंनी लिहिली. ‘काहीच देत नाहीत’ हे वाक्य वरिष्ठांपुढे वाचलं, तर ते ‘तसं काही नाही’ या एका वाक्यात खोडून टाकतील. चिठ्ठीची तारीख अशी खोडता येत नाही.

मग बाळंतपणाचा विषय निघाला. भिंतीला टेकून बसलेल्या एका तरुण मुलीला ताईंनी विचारलं, “न्यायला गाडी आली होती का?”

“आली. आशाताईनं फोन केला, लगेच आली.”

“आणि घरी सोडायला?”

ती गप्प. शेजारची म्हणाली, सांग की. मग म्हणाली, “तीनशे दिले.”

“कुणाला?”

“जीपवाल्याला. गाडी नाही म्हणले दवाखान्यात. मग काय, बाळ घेऊन चालत येऊ?”

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून देशभर लागू आहे. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, तपासण्या सगळं मोफत. साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण मोफत. घरून दवाखान्यात नेणं मोफत आणि दवाखान्यातून घरी सोडणंही मोफत. त्या मुलीला यातलं पहिलं सगळं मिळालं होतं, शेवटचं तेवढं राहिलं. रोजगार हमीची महाराष्ट्रातली एका दिवसाची मजुरी २०२४-२५ साली २९७ रुपये होती. म्हणजे बाळंतिणीला पाड्यावर पोचवण्यात एक सबंध दिवसाची मजुरी गेली आणि वर तीन रुपये. तिचा नवरा तेव्हा वीटभट्टीवर होता. तीनशे रुपये सासूनं उसने आणले होते.

ताई नाव लिहू लागल्या तशी ती सासू पुढे सरकली. “नाव नको लिहू बाय. पुढचं बाळंतपण तिथंच करायचंय.”

लोकांचं मत घेऊन सेवा सुधारायची, हे बोलायला फार छान वाटतं. पण ज्या हातांत पुढच्या वेळी जीव द्यायचाय त्याच हातांविरुद्ध आज तक्रार करायची, हे धाडस आपण कुणाकडे मागतोय? शहरातल्या माणसाला एक दवाखाना पटला नाही, तर तो दुसऱ्यात जातो. या सासूला दुसरा दवाखाना नाही. म्हणूनच पाड्यावरची ही बैठक मला इतकी मोलाची वाटते. ताईंनी नाव खोडलं, पाड्याचं नाव ठेवलं आणि सगळ्यांना विचारलं, “आणखी कुणी घरी येताना पैसे दिले?” एकेक करत हात वर झाले. अडीचशे, चारशे, एकीनं तीनशेच. आता तक्रार कुणा एकीची राहिली नव्हती. चौकोन लाल रंगवताना ताईंनी खडू त्या सासूच्याच हातात दिला.

नंतर या उपक्रमाची देखरेख समिती प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली तेव्हा मीही सोबत होते. डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र असावं असा दंडक आहे. हे केंद्र त्याहून जास्त लोकांना सांभाळतं. दारात पाऊल टाकताच फिनेलचा भपकारा आला, डोळ्यांत पाणी येईल इतका. फरशी अजून ओली होती. ताई म्हणाल्या, “आज पुसलंय ते चांगलंच झालं. रोज पुसतात का, ते आत खाटेवर आहेत त्यांना विचारू.” हा वास नंतरही कितीतरी दिवस माझी पाठ सोडत नव्हता, कारण त्या ओल्या फरशीवर मला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. कुणीतरी बघायला येणार आहे एवढ्या बातमीनं खोल्या स्वच्छ होतात, इतकी ताकद बघण्यात आहे. आणि कुणी बघत नाही तेव्हा काय असतं, हेही तो वास सांगत होता.

औषधांचा साठा, फलकावरची यादी, हजेरी, प्रसूतीची नोंदवही हे सगळं समितीनं रीतसर तपासलं. मी मात्र सिस्टरजवळ थांबले. रात्रपाळी संपूनही त्या घरी गेल्या नव्हत्या, बदलीची सिस्टर रजेवर होती. एका रात्रीत दोन बाळंतपणं, मध्येच विंचू चावलेला मुलगा, सकाळी पुन्हा ऑनलाइन नोंदी भरायच्या. तीनशे रुपयांचा विषय काढल्यावर त्या चिडल्या नाहीत. थोडा वेळ नोंदवहीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “गाडी आहे हो. ड्रायव्हर एकच आहे. रात्रभर पेशंट आणले तर तो दिवसा झोपेल की बाळंतिणी सोडेल? त्याचा पगारही थकलाय.”

पाड्यावर ‘गाडी नाही’ असं ऐकलं होतं. गाडी तर दारात उभी होती. माणूस नव्हता. हे कुणाच्या गुर्मीमुळे झालं नव्हतं आणि सिस्टरला नोटीस देऊन सुटणारंही नव्हतं. लाल चौकोनामागचं खरं कारण कुठल्या खुर्चीपर्यंत जातं, ते शोधायचा खटाटोप नसेल, तर लोकांच्या मताचा सगळा भार सगळ्यात खालच्या, सगळ्यात दमलेल्या बाईवर पडतो. असं होताना मी इतरत्र पाहिलं आहे. म्हणून ताईंनी आपल्या वहीत ‘सिस्टरचं म्हणणं’ असा वेगळा रकाना पाडला, याचं मला फार बरं वाटलं.

जनसुनवाई केंद्राच्याच आवारात मांडवात झाली. समोर तालुका आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, बाहेरून बोलावलेले एक डॉक्टर, एक पत्रकार. मांडव भरलेला. ताईंनी गाववार तक्ते वाचले. वाहनाचा मुद्दा आला तेव्हा तालुक्याचे साहेब म्हणाले, “आमच्याकडे याबाबत लेखी तक्रार नाही.”

ताई म्हणाल्या, “साहेब, ही लेखीच आहे. या पाड्यांचे ठराव आहेत.”

तेवढ्यात मागच्या रांगेतून ती मुलगी उठली. कडेवर बाळ. तिला कुणी उठवलं नव्हतं. “मी दिले तीनशे,” एवढंच म्हणाली आणि उभी राहिली. उत्तर मिळेपर्यंत बसली नाही.

उत्तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावं लागलं. तिशीचे असतील. त्यांनी माईक घेतला आणि दुसऱ्या चालकासाठी आपण वरिष्ठांना पाठवलेल्या तीन पत्रांच्या तारखा सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. मांडवातली कुजबूज थांबली. लोक ज्यांना जाब विचारायला आले होते, तेही वरिष्ठांच्या दारावर धडका देत होते. मग बोलणं वेगळ्या वळणानं गेलं. रुग्ण कल्याण समितीकडे दरवर्षी येणाऱ्या निधीतून, आपली गाडी उपलब्ध नसेल तेव्हा गावातली जीप ठरवावी आणि भाडं समितीनं भरावं, असं ठरलं. वाहनाच्या नोंदवहीत परतीच्या फेरीचा वेगळा रकाना करायचा. बाळंतीण दवाखान्यातून निघाली की आशाताईनं ती घरी पोचल्याची खातरजमा करायची. निर्णय लिहून झाल्यावर ताईंनी ते मोठ्यानं वाचायला लावले, मुदतीसकट.

दवाखान्याच्या भिंतीवर सूचनापेटी होती, कुलूप गंजलेलं. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं, त्यात दवाखान्यातून गेल्यावर रुग्णाला मोबाइलवर मत विचारलं जातं. अशा सोयी असाव्यात, शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना त्यांचा उपयोग होत असेल. पण या पाड्यावर घरातला एकुलता मोबाइल वीटभट्टीवर गेलेल्या नवऱ्याकडे असतो आणि रेंजसाठी टेकडी चढावी लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोबाइलवर मत दिलं तर समोर कुणीच नसतं. ‘असमाधानी’चं बटण दाबणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही की चालक का नव्हता, तो कधी येणार आणि पैसे कोण भरणार. मांडवात वैद्यकीय अधिकाऱ्यांना ते सांगावं लागलं, कारण ती उभी होती. मत गोळा करणं आणि उत्तर देणं या दोन कामांत माझ्या लेखी दुसऱ्याचीच किंमत जास्त आहे, आणि वगळलं जातं ते नेहमी तेच.

पहिल्या पाच जिल्ह्यांत गावपातळीवरच्या सेवांना ‘चांगलं’ म्हणणाऱ्या शेऱ्यांचं प्रमाण २००८च्या फेरीत ४८ टक्के होतं, पुढच्या वर्षी ६१ झालं, २०१०च्या फेरीत ६६. बाहेरची चिठ्ठी देणं आणि उपचारासाठी पैसे मागणं अनेक ठिकाणी थांबलं, अडकलेले जननी सुरक्षा योजनेचे पैसे बायांना मिळाले. आणखी जिल्हे जोडले गेले. तरी या कामाला निधी अनेकदा वेळेवर आला नाही. मध्येमध्ये खंड पडत गेले, कार्यकर्त्यांचं मानधन अडकत गेलं. जे काम दवाखान्यांना जाब विचारतं, त्याचा पैसा त्याच आरोग्य विभागाकडून येतो, हे दुखणं मुळातलंच आहे. ताईंसारख्या बाया नसतील, तर तक्ता नुसता रंगवलेला कागद उरेल. त्यांच्या मानधनावर काटकसर करणं मला अक्षम्य वाटतं.

नंतर केंद्रात गेले तेव्हा ताईंसोबत परतीच्या फेऱ्यांचा रकाना पाहिला. बहुतेक ओळी भरलेल्या होत्या. काही फेऱ्या दवाखान्याच्या गाडीच्या, काही ठरवलेल्या जीपच्या, भाडं रुग्ण कल्याण समितीनं भरलेलं. दोन ओळी रिकाम्या होत्या. त्या बाळंतिणी कशा घरी गेल्या, ते विचारायला ताई त्याच दुपारी पाड्यांवर निघणार होत्या. त्या मुलीचे तीनशे रुपये मात्र परत मिळाले नव्हते. समितीला पावती लागते, आणि जीपवाला पावती देत नाही. ताईंनी मुद्दा प्रलंबित यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे आणि पंचांसमोर पाड्याच्या बायांच्या जबाबावर पैसे द्यावेत, असा ठराव ग्रामसभेकडून करून घेतला आहे.

आम्ही निघत होतो तेव्हा डॉक्टरसाहेब ओपीडी सोडून बाहेर आले. हातात त्यांच्या तीन पत्रांच्या झेरॉक्स होत्या. “ताई, हे पण तुमच्या अहवालाला जोडा,” ते म्हणाले. “माझ्या सहीनं वर गेलं ते कुठे अडकलं माहीत नाही. गावांच्या ठरावाबरोबर जिल्ह्याच्या समितीपुढे गेलं तर निदान कुणीतरी तारीख विचारेल.” ताईंनी कागद मोजून घेतले आणि चौथं पत्र आजच्या तारखेनं लिहून द्या म्हणाल्या. ते आत जाऊन लिहू लागले.